तिसऱ्या रांगेतील बाई

तिचा गळा हलत नव्हता. ओठ हलत होते, आणि ते इतके बिनचूक हलत होते की माझ्या जागी दुसरे कोणी असते तर त्याला शंकाही आली नसती. पण गळ्याच्या मुळाशी, दोन हाडांच्या मध्ये जो लहानसा खळगा असतो, तो गाणाऱ्या माणसाचा कधी स्वस्थ राहत नाही. ओळीच्या आधी तो आत ओढला जातो आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू भरून येतो. पडद्यावरच्या त्या बाईचा खळगा भिंतीतल्या कोनाड्यासारखा, होता तसाच होता. चौदा बायकांचा समूह नदीच्या पायऱ्यांवर पिळलेले कपडे हातात धरून उभा होता, पुढे नायिका गात होती, आणि तिसऱ्या रांगेत, कडेची एक सोडून, तपकिरी शाल पांघरलेली ही बाई उभी होती. कॅमेरा तिच्यावरून दोनदा गेला. दोन्ही वेळा मी पाहिले. पन्नासहून अधिक वर्षे मी गळे पाहत आले आहे. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मी मुलींचे डोळे पाहिले आणि चर्चच्या गायन मंडळात गळे पाहिले, आणि दोन्ही ठिकाणी मला कोणी फसवू शकले नाही, असे मी गेल्या मंगळवारपर्यंत मानत होते.

सावेडीच्या नव्या चित्रपटगृहात चार पडदे आहेत. त्यांतला सर्वांत लहान पडदा महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी परदेशी नाट्यगृहांत झालेल्या संगीत नाटकांच्या चित्रणाला देतात. ऑपेरा म्हणतात त्याला. त्या दिवशीच्या ऑपेराचे नाव मला उच्चारता येत नाही, आणि चुकीचे उच्चारण्यापेक्षा न उच्चारणे मी पसंत करते. माझी नात जॉय पुण्याला नोकरी करते. तिने तिथूनच मोबाईलवर दोन तिकिटे काढली आणि मला फोन केला. "आजी, आयुष्यभर गायन मंडळ चालवलंस. एकदा बघ तरी, माणसं केवढ्यानं गातात." मी तिला म्हटले, केवढ्याने गातात हे बघायचे नसते, कसे गातात हे बघायचे असते. ती म्हणाली, "बरं, ते बघ. पण जा." माझा मुलगा प्रभुदास सकाळी सातला राहुरीच्या बाजूला, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जातो; म्हणून मी सुनेबरोबर गेले. फिलोमिना बरोबर होती म्हणून मी पायऱ्या चढले असे ती सांगते. मी तिला तसे सांगू देते.

प्रेक्षागृहात आम्ही धरून नऊ माणसे होती. पडद्यावर आधी ते परदेशी नाट्यगृहच दिसू लागले: लाल खुर्च्या, सोनेरी सज्जे, कोट उतरवून मांडीवर घेणारी माणसे. त्यांच्यातले कोणीतरी खोकले आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून माझ्याकडे पाहिले. नऊ माणसे इकडे आणि दोन हजार तिकडे, अशी आम्ही समोरासमोर बसलो. मग वादकांचा प्रमुख आला, आणि मला धक्काच बसला, कारण त्याचा चेहरा दिसत होता. मी आयुष्यभर माझ्या मंडळाला चेहरा दिला आणि मंडळीला पाठ. प्रभूची उपासना करायला आलेल्या तीनशे माणसांनी माझा अंबाडा तेवढा पाहिला आहे. इथे मात्र तो माणूस भुवई उचलतो, ओठ आवळतो, एखाद्या बाईला नजरेनेच 'आता' म्हणतो, हे सगळे उघड्यावर. कोणाच्या स्वयंपाकघरात परवानगी न घेता शिरल्यासारखे मला वाटले. पुढे गाणारे आले तेव्हा तर कॅमेरा त्यांच्या तोंडातच शिरला. जिभेचे मूळ, कपाळावरचा घाम, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये चमकून तुटणारा थुंकीचा धागा. इतक्या जवळून मी माझ्या यजमानांचा चेहरासुद्धा कधी पाहिला नसेल.

आणि मला ऐकू येत होते. हे वाक्य साधे नाही. जानेवारीत मी कानाच्या डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले, घरी मात्र डोळे तपासायला गेले असे सांगितले. डावा कान गेलेला आहे. उजवा जात आहे, आणि जाताना वरच्या सुरांपासून जात आहे. डॉक्टर तरुण होते, माझ्या शाळेतल्या एका मुलीचे चिरंजीव. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, डावीकडून चालत येऊन एका जागी कड्यावरून कोसळणारी. "वर्षभरात आणखी खाली येईल, मॅडम. मशीन लावू. बोलणं कळेल. गाण्याचं मी सांगत नाही." मी मशीन घेतले नाही. शनिवारच्या सरावात मी उंच आवाजांच्या समोर उभी राहून आता त्यांचे गळे पाहते, आणि गळ्यांवरून सूर ओळखते. कोणालाही कळलेले नाही. पण त्या प्रेक्षागृहात सूर कानांनी ऐकायची गरजच नव्हती. तो भिंतींतून येत होता, खुर्चीच्या पाठीतून येत होता, माझ्या बरगड्यांत शिरून वर चढत होता. नायिकेने वरचा सूर घेतला आणि तो मला मिळाला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, आणि अंधार असल्यामुळे मी ते पुसले नाहीत.

म्हणून तर मी तिसऱ्या रांगेकडे इतके नीट पाहिले असेन. सगळे ऐकू येत असताना एकच गळा गप्प आहे हे सहन झाले नाही. मी फिलोमिनाच्या कोपराला हात लावला. "तिसऱ्या रांगेत, तपकिरी शाल. ती गात नाही."

"हो," ती म्हणाली. "मघाच्या गाण्यातही गात नव्हती."

मी तिच्याकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत होती. त्या निळसर उजेडात तिचा चेहरा शांत होता. थोड्या वेळाने, जणू कोणी विचारले म्हणून, ती हळूच म्हणाली, "तिला कोणीतरी सांगितलं असेल."

मध्यंतरात दिवे लागले. पुढचे गृहस्थ पाय मोकळे करायला बाहेर गेले. फिलोमिनाने जाऊन मक्याच्या लाह्यांचा एक डबा आणला, त्याचा आकार आमच्या घरच्या कणकेच्या डब्याएवढा.

"एवढं कोण खाणार आहे?"

"यापेक्षा लहान नसतो म्हणे, आई. चहा आणू का? मशीनचा आहे."

"मग नको."

जॉयचा फोन आला. फिलोमिनाने तो माझ्या उजव्या कानाशी धरला. न सांगता उजव्याच. ते मला तेव्हा खटकले नाही. "आजी, झोप नाही ना लागली?" मी म्हटले, "मी कार्यक्रमात झोपत नाही. तुझे आजोबा झोपायचे, आणि तेही फक्त प्रवचनात." ती हसली; नायिका शेवटी मरते का, असे तिने विचारले. मी म्हटले, अजून तब्येत चांगली दिसते आहे. फोन ठेवला. फिलोमिना एकेक लाही निवडून, करपलेल्या बाजूला काढून खात होती. मला प्रश्न विचारायची सवय आहे. आयुष्यभर मी प्रश्नच विचारले. तरी हा प्रश्न तोंडातून निघायला वेळ लागला.

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"ती गात नाही ते."

"गाणारी बाई ओळीच्या आधी श्वास घेते," ती म्हणाली. "ही ओळ सुरू झाल्यावर घेत होती. आठवण झाल्यासारखी."

"हे तुला कोणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच. दर शनिवारी सांगता की. श्वास ओळीच्या आधी, ओळीत नाही."

दिवे मालवले. पडद्यावर पुन्हा ती नदी आली, पण मी आता तिथे नव्हते.

फिलोमिना आमच्या घरात आली ती एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात. पुणतांब्याची मुलगी, आणि रोमन कॅथलिक. आमचे घर तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट. मी विरोध केला नाही, पण मी विरोध केला नाही हे सर्वांच्या लक्षात राहील अशी व्यवस्था केली. तिचे माहेरचे शेत गोदावरीच्या पलीकडच्या काठाला होते आणि घर अलीकडच्या. तिची आई दुपारी पायऱ्यांवर उभी राहून पलीकडे औत धरलेल्या माणसांना जेवायला हाक मारायची. लेकीने आवाज तिथून घेतला होता. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तिला सरावाला नेले आणि तिसऱ्या रांगेत उभे केले. पेटी सुरू झाली, पहिले कडवे झाले, आणि दुसऱ्या कडव्यात तिला चाल समजली. तो आवाज वाईट नव्हता. हे मी तेव्हाही जाणत होते. आज लिहिताना मला ते लपवायचे नाही. तो रुंद होता, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा, आणि त्याला कडा नव्हत्या. बाकीच्या तेवीस जणी त्याच्याखाली गेल्या. इतकी वर्षे मी ज्याला माझ्या मंडळाचा सुरेल आवाज म्हणत होते, तो किती बेताचा आहे हे मला त्या एका ओळीत ऐकू आले. मी पेटी थांबवली. "फिलोमिना," मी म्हटले, "इथे सगळ्यांचा मिळून एक आवाज असतो. तुझा आवाज माहेरी ठेवून यायचा." बायका हसल्या. तीही हसली, चोवीस वर्षांची होती, नव्या घरात होती. पुढच्या शनिवारी ती अशी मिसळली की मी तिच्यासमोर दोन पावलांवर उभी राहूनही मला तिचा आवाज वेगळा काढता आला नाही. आठ दिवसांत सुधारली म्हणून मी प्रभुदासजवळ तिचे कौतुक केले. त्यानंतर मंडळात जी जी नवी मुलगी आली तिला मी सांगत आले: फिलोमिनासारखे मिसळायला शिका. एकतीस वर्षे सांगत आले.

पडद्यावर गावातल्या मुली एका लग्नासाठी माळा गुंफत होत्या आणि सगळ्या एकदम माना वळवत होत्या. ते पाहताना मला आमच्या बोर्डिंगच्या आवारातले दोन कडुनिंब आठवले. मी बारा वर्षांची असेन. मायदेशी परतणाऱ्या आमच्या मडमसाहेबांनी निरोपाच्या संध्याकाळी एक इंग्रजी सिनेमा दाखवला. नाचगाण्यांचा. दोन कडुनिंबांच्या मध्ये पांढरी चादर बांधली. पुढे पाहुणे, शिक्षक आणि मुलगे बसले, आणि आम्ही मुली चादरीच्या मागे. मागूनही चित्र दिसते, फक्त उलटे दिसते. अक्षरे उलटी होती, तीही इंग्रजी, त्यामुळे आमचे काही नुकसान झाले नाही. एका भल्या मोठ्या जिन्यावर चाळीस मुली पांढरे झगे घालून खाली उतरत होत्या, चाळीसही जणींचे डावे पाऊल एकदम, आणि चाळीस तोंडांतून एक आवाज. एकच. कोणाचा नाही आणि सगळ्यांचा. आमच्या मांड्यांखाली खडे टोचत होते, वाऱ्याने चादर फुगली की तो जिनाच्या जिना श्वास घेत असे. मी तेव्हाच ठरवले की मोठेपणी आपण असा आवाज उभा करायचा. आणि केला. माझ्या मंडळात उंच आवाज उजवीकडे उभे राहतात. बाकी सगळीकडे ते डावीकडे असतात. सोलापूरहून आलेल्या एका पाळकांनी मला कारण विचारले होते. आमची पद्धत आहे, असे मी सांगितले. मी तो जिना चादरीच्या मागून पाहिला होता, हे एवढेच खरे कारण होते.

पुढे पुण्याला शिकताना माझ्या खोलीवरच्या मुलीने मला सांगितले की सिनेमात नाचणाऱ्या मुली गात नसतात. गाणाऱ्या वेगळ्या, चार-पाच जणी, बंद खोलीत उभ्या राहून गातात. पडद्यावरच्या मुली नुसते ओठ हलवतात. हे तर आज लहान मुलालाही ठाऊक असते. मलाही तेव्हाच कळले, मी मान डोलावली आणि पुस्तकात डोके घातले. पण कळलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट माझ्या मनात दोन वेगळ्या कपाटांत राहिल्या, आणि साठ वर्षांत मला एकदाही ती दोन कपाटे एका वेळी उघडावीशी वाटली नाहीत. चाळीस मुली ओठ हलवत होत्या. त्या मूक जिन्यावरून मी माझे मंडळ बेतले. मग त्यात कोणी नुसते ओठ हलवले तर मी कोणाला विचारणार?

मी मान न वळवता फिलोमिनाकडे पाहिले. नायिका आता एकटी होती, फार वर गेली होती. फिलोमिनाचे ओठ मिटलेले होते, हात मांडीवर होते. आणि तिच्या गळ्याचा खळगा प्रत्येक ओळीच्या आधी आत जात होता आणि ओळीबरोबर भरून येत होता. बरोबर आधी. श्वास पडद्यावरच्या नायिकेइतकाच लांब. गाणे संपले तेव्हा तिने श्वास सोडला आणि पडद्यावरच्या दोन हजार माणसांबरोबर टाळ्या वाजवल्या. आमच्या नऊ जणांत तीच एकटी. मी तिला थांबवणार होते. सिनेमाला टाळ्या वाजवत नाहीत. पण मी थांबवले नाही. मी हिशेबाने शांत राहणारी बाई आहे आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: माझ्या घरात एक आवाज एकतीस वर्षे राहतो आहे, तो मी एक कडवे आणि एक ओळ एवढाच ऐकलेला आहे, आणि डॉक्टरांनी काढलेली ती रेघ दर महिन्याला खाली उतरते आहे. घरात अशा भिंती नाहीत. घरात बरगड्यांतून सूर येणार नाही. उशीर केला तर तिने उद्या मनापासून गायले तरी मला फक्त तिचा गळा दिसेल.

रिक्षातून येताना दिल्ली दरवाज्यापाशी गर्दी होती. फिलोमिना लाह्यांचा अर्धा डबा मांडीवर घेऊन बसली होती. छबूबाईच्या नातवंडांना होतील, म्हणाली. छबूबाई आमच्याकडे संध्याकाळी भांड्यांना येते. मी शब्द जुळवत होते. मला आज्ञा देता येते, खुलासा मागता येतो, क्षमाही करता येते. पण मागणे मला कोणी शिकवलेले नाही, आणि एकोणऐंशीव्या वर्षी मी ते रिक्षात शिकू पाहत होते.

घरी आल्यावर तिने साडी बदलली, मेथीची जुडी घेतली आणि स्वयंपाकघरात खाली बसून निवडायला लागली. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, उजवा कान तिच्याकडे करून.

"फिलोमिना, तू एकतीस वर्षं गायली नाहीस."

तिने काडीवरची पाने खुडली. "सगळी नाही. तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेला होतात, तेव्हा तीन रविवार गायले."

"मग? कोणी काही बोललं?"

"पाळक म्हणाले, आज माइक चांगला लागलाय."

मला हसू आले आणि ते मी पुरे होऊ दिले नाही. "मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुम्ही खूश होतात. सगळ्यांना माझंच उदाहरण देत होतात." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर मला बरे वाटले असते. "सुरुवातीला वाईट वाटायचं. रागही यायचा. जॉय झाल्यावर तिला झोपवताना गायचे, दार लावून. मग राग गेला आणि सवय राहिली. सवयीचं काही वाटत नाही, आई."

दार लावून. त्या दाराच्या अलीकडच्या खोलीत मी वह्या तपासत बसलेली असे. शेकडो मुलींकडून मी 'माझे चुकले' हे शब्द लिहून घेतले आहेत, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून. ते माझ्या तोंडाशी आले आणि तिथेच थांबले. त्यांच्याऐवजी, त्यांच्यापेक्षाही अवघड होते ते बाहेर पडले.

"मला वरचे सूर ऐकू येईनासे झालेत. डावा कान गेला. उजवा जातोय. मी कोणाला सांगितलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"नाताळापासून पेटीची वरची पट्टी बसकी वाजत होती. सगळ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत." तिने मेथीचा ढीग एका बाजूला केला. "मग मी यांना सांगून ती नीट करून आणली. मार्चमध्ये. बायकांना म्हटलं, बाईंनीच पाठवली होती."

नाताळापासून मार्चपर्यंतचे सगळे शनिवार माझ्यासमोर एकेक करून उभे राहिले, आणि प्रत्येकात ती तिसऱ्या रांगेत, तोंड उघडून, माझ्याकडे पाहत. मी तिचा गळा पाहिला नव्हता. तिच्यावर विश्वास होता म्हणून पाहिला नव्हता. ती मात्र माझे कान सांभाळत होती.

"मग आता ऐकव," मी म्हटले. ते आज्ञेसारखे झाले. नेहमीसारखे.

"रविवारी गाऊ का?"

"रविवारी बाकीच्या असतील. मला त्या नको आहेत."

तिने मान वर केली. "सांगताय, की विचारताय?"

खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी भरत होती. मी खुर्ची थोडी पुढे सरकवली. मग म्हटले, "विचारतेय."

फिलोमिनाने हात पदराला पुसले, पण ती उठली नाही. काय गाऊ, असे तिने विचारले नाही. जे सुरू केले ते मरियेचे गाणे होते, तिच्या आईचे, पुणतांब्याचे. आमच्या प्रॉटेस्टंट घरात तीन पिढ्यांत मरियेचे गाणे कोणी गायलेले नव्हते, आणि ती ते मला घाबरून निवडत नव्हती की मला डिवचायलाही निवडत नव्हती, तिला मनापासून येत होते ते हेच होते. पहिली ओळ खाली होती. ती मला आली, शब्दांसकट आली, जरा खरखरीत. दुसरी ओळ चढू लागली आणि मधल्यामध्ये, टेकडीआड गेलेल्या रस्त्यासारखी, दिसेनाशी झाली. फिलोमिना गातच होती. खोलीत टाकीचे पाणी तेवढे पडत होते. मी चेहरा हलू दिला नाही. चेहरा न हलू देणे मला येते. पण तिने माझ्याकडे पाहिले आणि ती थांबली.

"नाही आलं?"

"पहिली ओळ आली."

ती पुन्हा पहिल्यापासून गायली, दोन सूर खाली घेऊन. या वेळी दुसऱ्या ओळीतला अर्धा रस्ता मला दिसला आणि मग पुन्हा टेकडी आली. मी मान हलवली. गायन मंडळात पट्टी एकदा दिली की बदलायची नाही, हा नियम माझाच आहे. एखादीला झेपत नसेल तर तिने गप्प राहावे, पट्टी तिच्यासाठी खाली येणार नाही. फिलोमिनाने डोळे मिटले, घशाशी एक अस्पष्ट सूर चाचपला, आणखी खाली, आणखी, माठात हात घालून तळ शोधावा तसा, आणि तिथून उचलून घेतले. आता तो चोवीस वर्षांच्या मुलीचा आवाज नव्हता. पंचावन्न वर्षांच्या बाईचा होता, वापर नसल्यामुळे जागोजागी गंजलेला, दोन ठिकाणी तुटलेला. रुंदी मात्र होती. दुसरी ओळ चढली, आणि मी टेकडीची वाट पाहत राहिले, आणि ती आली नाही. ओळ पूर्ण वर गेली. तिच्या टोकाला सूर किंचित उतरलेला होता. मला तो ऐकू आला, उतरलेला आहे हेसुद्धा ऐकू आले, आणि ते सांगावेसे वाटले नाही. मी खुर्चीवरून खाली उतरले. माझ्या गुडघ्यांना ते मान्य नव्हते, तरी मेथीच्या काड्यांत, तिच्या शेजारी, उजव्या बाजूने बसले. तिने गाणे न थांबवता मला टेकायला हात दिला.

मागचे दार वाजले. छबूबाई उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. तिने आधी फडताळावरच्या रेडिओकडे पाहिले, मग माझ्याकडे, जमिनीवर, आणि मग फिलोमिनाकडे.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्या गात्यात व्हय?"

"हो."

"कवापासनं?"

फिलोमिनाने ओळीच्या आधी श्वास घेतला आणि पुढचे कडवे उचलले. छबूबाईने चपला काढल्या, आत आली, आणि भांड्यांकडे जायचे विसरून भिंतीला टेकली.

"लई मोठा आवाज हाय वो," ती म्हणाली. "एवढा आवाज हुता व्हय ह्या घरात?"

"होता," मी म्हटले, आणि तिच्याकडे बसायला पाट सरकवला.